शेवटचं गाणं जिथं अडकलं

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. भूत, भानामती, कुणी स्वप्नात येणं... असलं काही मी आयुष्यात मानलं नाही. आमचा धंदाच तसा. मोताळ्याला एसटी स्टँडसमोर वडिलांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्न असो, सभा असो, भोंगा आमचा. आवाज कुठून येतो हे मला लहानपणापासून माहीत – तारेतून येतो. तार नाही तर आवाज नाही, विषय संपला. इथे लोक अनुभव लिहितात तेव्हा खाली खुसपटं काढणाऱ्यांत मी पहिला असतो. आज माझी पाळी. मनसोक्त काढा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बुलढाण्याला कॉलेजात असताना वसंता आणि मी एका खोलीत राहायचो. तो लोणारचा. मुंबईला गोदीत कामाला असलेल्या त्याच्या भावाने त्याला एका विलायती रॉक बँडची रेकॉर्ड पाठवली होती. आठ गाणी. वाजवायला मशीन मात्र माझं, दुकानातलं जुनं. आम्ही दोघंही मराठी शाळेतले, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ढिम्म काही कळलं नाही. पण ते गिटार! दोघंही पार येडे झालो.

मग दर रविवारी एक गाणं काढायचं ठरलं. एका ओळीसाठी वीस वेळा पिन उचलायची, मागे ठेवायची, डिक्शनरी पाहायची आणि वसंताने वहीत अर्थ लिहायचा. तिसऱ्या गाण्यावर तो एकदम म्हणाला, “हे आठ गाणे नाहीत बे! एकच गोष्ट आहे. लपवून ठेवली यायनं.”

“तुले तर यष्टीच्या तिकिटातही गोष्ट दिसते,” मी म्हटलं.

पण त्याचं खरं होतं. पहिल्या गाण्यात मागे एक घंटा वाजते, तीच पाचव्यात पुन्हा वाजते, हळू. पहिल्यातले दोन दोस्त सहाव्यात लांब गेलेले. सातव्यात एक जण आजारी, खिडकीशी बसून दुसऱ्याची वाट बघतोय. आठवं काढायचं राहिलं आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली. रेकॉर्ड माझ्याकडे देताना वसंता म्हणाला, “आठवं एकट्यानं लावू नको. तो येते का नाही, हे संगच पाहू.”

मी हाव म्हटलं.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जळगाव जामोदकडे एका लग्नाचा भोंगा आमच्याकडे होता. जेवणं उरकली होती. पोरीपोरी बसल्या होत्या, आणि मला दाखवायचं होतं की आपण काही साधे भोंगेवाले नाही. लावली रेकॉर्ड! नेमकं शेवटचं गाणं. टेबल डुगडुगत होतं, पिन घसरायला लागली. अशा वेळी आम्ही भोंगेवाले जे करायचो तेच केलं – पिन धरणाऱ्या पिकअपच्या मुंडक्यावर चाराण्याचं नाणं ठेवलं. वजनाने पिन दबून राहते आणि गाणं पार पडतं. सिनेमाच्या जुन्या तबकड्यांना चालून जायचं ते. ही नाजूक. नाण्याच्या वजनाने पिनेने तिला नांगरून काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं दार लावून मी एकटाच ती रेकॉर्ड लावून बसलो. भोंगा जोडला नव्हता, मशीनचा बारीक आवाज तेवढा. शेवटचं गाणं एका ओळीवर आलं आणि अडकलं. ‘दार उघडंच ठेवलंय’ असा त्या ओळीचा अर्थ. पुन्हा तीच, पुन्हा तीच. किती वेळा वाजली मोजलं नाही, पण मी तसाच बसून राहिलो आणि मग पिन उचलली. हे कुणालाही सांगितलं नाही, वडिलांनाही नाही.

चार दिवसांनी लोणारहून कार्ड आलं. ‘कावीळ झाली. पडून आहे. मशीन आन रेकॉर्ड घेऊन ये, शेवटचं गाणं काढू.’ मी काय करावं? उत्तर टाकलं की रेकॉर्ड एका मित्राने नेली आहे, परत आली की येतो. धादांत खोटं! आठवड्याने दुसरं कार्ड: ‘काऊन येऊन नाही राह्यला बे? रेकॉर्ड नसली तरी ये.’

नाही गेलो. लग्नसराई आहे, दुकानात माणूस नाही, असं स्वतःलाच सांगत राहिलो. खरं एवढंच, की त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

पंधरा दिवसांत वसंता गेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोणारला पोचलो. कार्यक्रम झाल्यावर त्याच्या मायने मला बाजूला बोलावून वही हातात दिली. “तुले द्यायले सांगतलं होतं त्यानं. दुपारची यष्टी आली का रोज उठून बसे. म्हने, तो आला असन.”

मी वही उघडली. सात गाणी मला माहीत होती. आठव्याचं पानही भरलेलं होतं. वर अर्थ, मग ती ओळ – दार उघडंच ठेवलंय – एकाखाली एक अकरा वेळा. आणि त्याखाली: ‘इथं अडकते. चालते बे. तशीच घेऊन ये.’

“माय, हे कधी लिहिलं त्यानं?”

“अखजीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी. कान देऊन काहीतरी आयकून राह्यला होता. म्या म्हटलं, काय आयकतं रे? तं म्हने, गाणं अडकलं.”

आता काढा खुसपटं. गाणं त्याने पूर्वी ऐकलं होतं, शब्द पाठ असतील – मान्य. पण तो लोणारला गेला तेव्हा रेकॉर्ड धड होती. त्याच्या घरी रेडिओसुद्धा नव्हता. मोताळ्याहून लोणारपर्यंत कुठली तार? घरी येऊन मी रेकॉर्ड पुन्हा लावली, त्याच ओळीवर अडकली. मला याचा उलगडा आजही होत नाही, आणि झाला तरी माझं काही हलकं होणार नाही. कारण माझं खोटं कार्ड त्याने वाचलं तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. तरीही त्याने लिहिलं, रेकॉर्ड नसली तरी ये.

मायला मी नाण्याचं कधीच सांगितलं नाही. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पहिल्यांदा सांगतोय ते इथे, तुम्हाला.

बुलढाण्याची गाडी रोज सकाळी आमच्या दुकानासमोरून सुटायची. तिथून पुढे लोणारची मिळायची. त्या पंधरा दिवसांत एकही सकाळ ती चुकली नाही. मी गल्ल्यावर बसून बघत होतो.