खंडेनवमीला पुसलेली भजनं

सोनईत माझं टायपिंग-छपाईचं दुकान आहे. खंडेनवमीला यंत्र स्वच्छ हवं, म्हणून दरवर्षी मी प्रिंटर पुसते, कीबोर्ड उपडा करून झटकते आणि मगच कॉम्प्युटरला हळदकुंकू लावते. गेल्या वर्षी वाटलं, बाहेरून पुसतेय, आतला कचरा तसाच. जागा संपल्याची सूचना रोज यायची. बसले आणि जुन्या बॅकअपचे फोल्डर उडवत सुटले. आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं, मग पुसायचं, हा नियम माझाच. पण डिस्क घरी राहिलेली आणि पूजेला उशीर होत होता. नावात 'जुने' दिसलं की डिलीट. आत डोकावलेसुद्धा नाही. वर झेंडूचा हार घातला. काय ती हौस माझी!

नाताळाच्या आधी शेजारच्या गावातल्या काकू आल्या. त्यांचे मालक शाळामास्तर, चर्चमध्ये गायची भजनं स्वतः रचायचे. पुढंमागं पुस्तक काढू, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी अख्खी वही माझ्याकडून टाईप करून घेतली होती. उन्हाळ्यात ते वारले.

"यंदा पुस्तक छापून टाकू," काकू म्हणाल्या. "त्यांची लई इच्छा हुती."

"वही आणलीय का?"

"वही कुठली? वाळवी लागलेली. तुमीच म्हनला न्हाई का, टाकून द्या, माझ्या कॉम्प्युटरात समदं हाय?"

म्हणाले होते. तोंड वर करून म्हणाले होते. मी उगीच इकडंतिकडं शोधायचं नाटक केलं आणि मशीन बिघडून सगळं गेलं, असं सांगून मोकळी झाले. खरं सांगायला जीभ रेटेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकू माझ्याच पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मशीनच ते. तुमी तरी काय करनार, ताई? मला येत्यात तेवढी घ्या लिहून."

त्या गात गेल्या, मी टाईप करत गेले. तीन भजनं पुरी झाली. चौथ्याच्या पहिल्या कडव्यानंतर त्या अडल्या. पुन्हा पहिल्यापासून गायल्या, पुन्हा तिथंच अडल्या.

"फुडचं त्यांनाच ठावं," त्या म्हणाल्या.

ते कडवं मी याच बोटांनी टाईप केलं होतं. एक शब्द आठवेल तर शपथ.

काकू उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला. "झालं तेवढं छापा. आन हे नीट ठिवा बरं का. तुमच्याकडं असलं की मला घोर न्हाई."