विमानानं सव्वा तास

बहिणीसाठी स्थळ घेऊन आलेल्या लांबच्या मामांनी खिशातून मोबाइल काढला, तेव्हाच मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. मुलगा चांगला होता, नोकरी कायमची होती, पण परराज्यात, कुठल्या तरी खाणीच्या गावी. आईचा एकच प्रश्न होता, "पंचमीला मुराळी जायचा कसा?"

लग्न झालेल्या बहिणीला सणाला माहेरी आणायला भाऊ जातो, तो मुराळी. आमच्या घरात तो मीच. वडील गेल्यापासून शेळ्याही माझ्याच मागे. त्यामुळे स्थळाचं अंतर आम्ही किलोमीटरमध्ये मोजतच नव्हतो. सकाळी शेळ्यांचं चारापाणी करून निघालेला मुराळी दिवे लागायच्या आत बहिणीला घेऊन परतला, तर गाव जवळचं.

मामांनी मोबाइल आईपुढे धरला. शेजारच्या जिल्ह्यातला विमानतळ, मुलाकडच्या गावाजवळचा विमानतळ, आणि मधे एक सरळ निळी रेघ.

"सव्वा तास! अक्का, आपल्या नांदूरघाटाहून एसटीनं बीडला जायाला याच्याहून जास्त येळ लागतोय."

आईचा चेहरा खुलला. माझा नाही. ती रेघ फारच सरळ होती. इतकं सरळ काही मी आमच्या भागात पाहिलेलं नाही, मामांचं बोलणं तर नाहीच नाही.

"विमान कोणत्या वारी असतंय?" मी विचारलं.

"रोजच असंल की."

"असंल, का हाय?"

"आरं, सोयरीक करतोस का चौकशी बसवतोस?"

बहीण चहाचे कप उचलत होती. ती काहीच बोलली नाही. मुलगा तिला पसंत होता, हे दिसतच होतं. पण तिच्या त्या गप्प राहण्याचाही मला संशय आला.

पुढच्या आठवड्यात बोकड विकायला त्या जिल्ह्यात गेलो आणि वाट वाकडी करून विमानतळ गाठला. फाटक बंद. आत गुडघाभर गवत, शेळ्या सोडल्या असत्या तर हप्ताभर चरल्या असत्या.

"लोकांचं विमान हितून उडतच न्हाई," पहारेकरी म्हणाला. "एखादा मंत्री आला तर येतंय."

"मग मोबाइल सव्वा तास कावून दाखवतोय?"

"त्याला दोन गावं सांगितली की तो मोजून देतोय. विमान हाय का न्हाई, ते त्याला कोण इचारतंय?"

राग यायला हवा होता, पण मला तर आनंदच झाला. मामांना काय काय सुनवायचं, याची जुळवाजुळव करतच घरी आलो. बहीण शेळ्यांना पाला टाकत होती.

"विमानच न्हाई! फसवलं आपल्याला."

"ठावं हाय," ती म्हणाली. "मामांनी न्हाई, पण त्यांनी पयल्याच फोनला सांगितलं. आधी रेल्वे, मग बस. जायलाच दीड दिवस."

"मग बोलली कावून न्हाईस?"

तिनं उरलेला पाला खाली ठेवला. "विमान नसलं तर तू येणार न्हाईस का?"

"येईन की!"

"आन् ह्या शेळ्यांकडं कोण बघंल?"

मी दावणीकडे पाहिलं. "बघंल की कुणीतरी."

"बघंल, का बघणार हाय?" तिनं विचारलं.