मागून येणारे घरचे

देवरावभाऊ आमच्या समुद्रपूर-वर्धा बसचे ड्रायव्हर. मागून ॲम्बुलन्सचा आवाज आला की ते आधी आरशात बघत, इंडिकेटर देत आणि मग बस हळूहळू डावीकडे घेऊन उभी करत. ॲम्बुलन्स निघून जाई, तरी ते हलत नसत.

सात वर्षं मी त्यांच्या बसवर कंडक्टर होते. खोळंबा ते करत आणि प्रवासी बोल मला लावत. ऐकून ऐकून माझे कान किटले. एकदा जाम गावाजवळ मी वैतागून म्हणाले, "भाऊ, गेली नं ते गाडी! आता काऊन थांबून राह्यले?"

"मांगून घरचे येत असते, बाई. पेशंटले रस्ता सारेच देते. घरच्याइले कोण देते?"

तेवढ्यात खरंच एक मोटारसायकल भरधाव गेली. मागे बसलेल्या बाईच्या हातात उशी होती. मग भाऊंनी गिअर टाकला.

नेहमीच असं होत नसे. कधी ॲम्बुलन्सच्या मागे लागून एखादा आगाऊ कारवाला फुकटात पुढे सटके. "हा बी घरचाच का?" मी टोमणा मारी.

"असन बी," भाऊ शांतपणे म्हणत. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. ॲम्बुलन्समध्ये मुलगा बसला. निरोप मिळताच मी धावले आणि वहिनींना माझ्या स्कूटीवर घेतलं. त्यांच्या मुठीत भाऊंचा चष्मा होता. जामच्या चौकात ट्रकवाल्यांनी ॲम्बुलन्सला झटकन वाट दिली आणि तितक्याच झटकन ती बंद केली. मी हॉर्न वाजवत राहिले. वहिनी उतरून एकेका ट्रकपुढे हात जोडत होत्या, "माहा माणूस हाय नं त्या गाडीत!"

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपून दहा मिनिटं झाली होती. "तीनदा विचारलं त्याइनं," मुलगा म्हणाला, "तुही माय आली का?" वहिनींनी चष्मा त्यांच्या उशाशी ठेवला. मला वहिनींकडे बघवलं नाही.

मी अजून त्याच बसवर आहे. पाय दुखतात, घसा बसतो, भांडायचं त्राण उरलेलं नाही. ॲम्बुलन्सचा आवाज आला की मी घंटीची दोरी एकदा ओढून बस थांबवते. ॲम्बुलन्स गेली की नवा ड्रायव्हर ओरडतो, "बाई, डबल बेल द्या नं! कोणाची वाट पाहून राह्यले?" प्रवासीही ओरडतात. मी मागच्या काचेतून रस्ता बघत राहते. दोरीला हात लावत नाही.