दीड वीत पूर्वेला

सौसरला आमच्या आळीतल्या राममंदिरावर पूर्वी कवेलूंचे छप्पर होते आणि त्यांत एक कवेलू काचेचे. रामनवमीला त्या काचेतून उतरलेला उन्हाचा तुकडा सरकत सरकत पाळण्यावर आला, की रामजन्म झाला असे आम्ही मानत असू. तोवर कोणी जागचे हलत नसे. मग कवेलू काढून स्लॅब टाकायचे ठरले. सगळे खूश होते. माझे वडील तेवढे अस्वस्थ. त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. समितीपुढे त्यांनी एकच मागणे मांडले : स्लॅबमध्ये एक अरुंद फट ठेवा, जागा माझी मुलगी काढून देईल.

समितीचे अध्यक्ष आमचे शेजारी. त्यांनी अट घातली. "एक साल पाहू, मास्तर. पावसाचं पानी येईल तिथून. लोकायले पटलं तर ठेवू, नाही तर बुजवून टाकू."

मी तेव्हा पुण्यात भौतिकशास्त्राचे संशोधन करत होते. गणित अवघड नव्हते. सुटीत सौसरला येऊन ते समितीला समजावणे अवघड होते. खरा सूर्य एका चालीने चालत नाही. पृथ्वीची कक्षा किंचित लांबट आणि तिचा आस कललेला, त्यामुळे एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंतचा काळ वर्षभर थोडा कमी-जास्त होत राहतो. घड्याळाला असा लहरी मालक परवडत नाही. म्हणून वर्षभराची सरासरी काढून एक कल्पित, एकसारख्या चालीचा सूर्य मानला गेला, आणि घड्याळांचे बारा त्याच्यावर बांधले गेले. दोन सूर्यांमधल्या फरकाची कोष्टके दर्यावर्दी जवळ बाळगत. भर समुद्रात खरे माध्यान्ह टिपायचे, कोष्टकाने ते दुरुस्त करायचे, आणि मूळ ठिकाणच्या वेळेशी ताडून आपण पूर्व-पश्चिम किती आलो ते काढायचे. आपल्या देशाने तर एकाच रेखांशाची सरासरी वेळ सर्वांसाठी घेतली. तो रेखांश सौसरच्या बराच पूर्वेला आहे. म्हणून सरासरी सूर्यदेखील आमच्याकडे सुमारे पाव तास उशिरा माथ्यावर येतो. एप्रिलच्या आरंभी खरा सूर्य त्याच्याही थोडा मागे असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हे दोन्ही फरक एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात आणि आमच्या गावात घड्याळाच्या बारालाच माध्यान्ह होते. पण राम काही नोव्हेंबरात जन्मला नाही.

"म्हणजे सूर्य बी लेट चालून राहिला का?" अध्यक्षकाका म्हणाले. "आपल्या पॅसेंजरसारखा?"

"सूर्य वेळेवर आहे, काका. घड्याळ दुसऱ्या गावचं आहे."

"वा! पुण्याले जाऊन हेच शिकून आली का व?"

त्याच संध्याकाळी घरी येऊन मी वडिलांपुढे दोन आराखडे ठेवले. एकात फट पाळण्यातून जाणाऱ्या बरोबर उत्तर-दक्षिण रेषेवर होती. ऊन पाळण्यावर पडणार खऱ्या माध्यान्ही. दुसऱ्यात तीच फट दीड वीत पूर्वेला सरकवलेली होती. म्हणजे ऊन बाराच्या ठोक्यालाच पाळण्यावर. मी दुसरा घ्या म्हणाले.

"दीड वीत खोटं बोलायचं?"

"खोटं नाही, बाबा. सोय आहे. आता लोक थांबतील का?"

"आजवर थांबले ना! जन्म माध्यान्हीचा आहे. फट सरळ राहू दे."

फट सरळ राहिली.

रामनवमीला मंडप भरला. उन्हाची पट्टी पाळण्याच्या पश्चिमेला फरशीवर पडली होती आणि हळूहळू सरकत होती. वडील दोरीजवळ उभे राहून लोकांना ती दाखवत होते. तेवढ्यात बाजारातल्या मंदिराच्या भोंग्यावरून जन्म झाल्याचा गजर ऐकू आला. सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर बारा वाजलेले पाहिले.

"तिकडं झाला की जन्म! आपला राम काय जुळा आहे का?" एक काकू म्हणाल्या आणि बायका खळखळून हसल्या. बाहेर जामसांवलीच्या मारुतीच्या भंडाऱ्याला जेवायला निघालेली गाडी हॉर्न देत होती.

"थोडंसं थांबा," वडील म्हणाले. "हे पाहा, येऊनच राहिलं ऊन."

"मास्तर, लोक उपाशी आहेत," अध्यक्षकाका हलकेच म्हणाले. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. त्यांनी वडिलांच्या हातातून दोरी घेतली आणि सावलीतला पाळणा हलवला. गुलाल उधळला गेला, पाळणा म्हणून झाला, सुंठवडा वाटला गेला. मंडप पाहता पाहता रिकामा झाला.

मग ऊन आले. आधी पाळण्याच्या कडेवर, मग झालरीवर, मग बाळरामाच्या कपाळावर. माझे गणित बोटभरही चुकले नव्हते. त्या क्षणी ते चुकले असते तर मला बरे वाटले असते. निदान लोकांचे बरोबर ठरले असते. वडिलांनी हात जोडले. पाळणा मात्र हलवला नाही. एकदा झालेला जन्म पुन्हा कसा करायचा?

माइकची वायर गुंडाळत अध्यक्षकाका जवळ आले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"आलं बरं का, मास्तर, तुमचं ऊन. लय सुंदर आलं. पण पाहाले आहे कोन?"

वडिलांनी वाद घातला नाही. लोकांना पटले नव्हते, आणि अट त्यांना मान्य होती. दुसऱ्या आराखड्याचा उल्लेख आम्ही दोघांनीही पुन्हा केला नाही. मी मात्र पुण्याला परतताना सबंध प्रवासभर स्वतःला विचारत होते, त्या संध्याकाळी मी आणखी थोडी भांडले का नाही. लोकांनी एकत्र थांबावे, एवढ्यासाठीच तर माणसांनी सरासरी सूर्य मानला. हे मला ठाऊक होते, वडिलांना ते सांगायचे राहून गेले.

मृगाच्या आधी मिस्त्री आला. पहिल्या पावसानंतर वडिलांनी फोनवर इतर बऱ्याच गोष्टी सांगितल्या आणि शेवटी म्हणाले, "चांगलं बुजवलं. आता गळत नाही."