मोहाखालचं सिमिटाचं घर

पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात लोक आम्हाला 'पुलाखालची माणसं' म्हणत. पूल कुठला आलाय! ते आमचं राहतं घर होतं. पण गावानं तोवर सिमिट पाहिलं होतं ते फक्त सडकेवरच्या पुलाला, त्यामुळे सिमिटाचं जे काही असेल तो पूलच. "पुलाखाली झोप येते का वं?" असं बायका विहिरीवर माझ्या आईला विचारायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. मग आई घरी येऊन बाबांवर फणकारायची, "काय बांधून ठेवलं हो हे! लोकाइले हसाले झालं."

बाबा सडका-पुलांच्या कामावर ओव्हरसियर होते. माणूस भारी तापट, पण झाडांच्या बाबतीत अगदी मेणाचा. नाल्याकाठची ती जागा घेतली तेव्हा मजुरांना त्यांनी पहिलंच बजावलं, "एकाही झाडाले कुऱ्हाड लागली, त याद राखा!" मग घर झाडांच्या मर्जीनं वळत गेलं. बसकं, लांबट, खाली नाल्यातलाच दगड आणि वर उघडं सिमिट, त्याला रंग नाही की चुना नाही. लांबून ते नाल्यातल्या खडकांतलाच एक खडक वाटायचं. नाल्याकडच्या भिंतीला जाळी होती, तिच्यातून दिवसभर वारा यायचा. एका कोपऱ्यात जुना मोह उभा होता. तिथं बाबांनी स्लॅबची कड गोल सोडून बुंध्याला वाट दिली. स्लॅबला गाव 'सिलाप' म्हणायचं, मग आम्हीही सिलापच म्हणू लागलो. वैशाखात, चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरकडच्या, त्या मरणाच्या उन्हात, मोहाची सावली सिलापावर असायची आणि आम्ही पोरी खाली फरशीवर गाल टेकून पडायचो. आता माझ्या खोलीत पंखा दिवसभर गरगरतो, तरी तो गारवा नाही. नाहीच.

आता त्या मोहाचं सांगते. जागा आमची होती, पण मोह आमचा नव्हता. तो टोल्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या छोट्या वस्तीवरच्या, एका गोंड बाईचा होता. आमच्याकडे तशी रीतच होती, जमीन कोणाचीही असो, मोहाची फुलं ज्याच्या घरानं पिढ्यान् पिढ्या वेचली, मोह त्याचा. जागा विकणाऱ्यानं तसं सांगितलं होतं आणि बाबांनी 'हो' म्हटलं होतं. शहरातल्या लोकांना मोह म्हटलं की दारूच आठवते, काय करावं त्यांना! त्या बाईच्या घरी वाळवलेला मोह म्हणजे पावसाळ्यातलं पोटभर खाणं होतं. ती एकटी राहायची, शेत नव्हतं, होता तो हा मोह.

घर झालं आणि त्यानंतरचा फाल्गुन आला. बाई टोपली घेऊन आली आणि वर बघत उभीच राहिली. बाबांनी बुंध्याचा विचार केला होता, मुळांचा केला होता, सावलीचा केला होता. फुलं कुठं पडणार, हे मात्र त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं! निम्मा मोह आता सिलापावर पडणार होता, आणि वर जायला पायरीसुद्धा नव्हती.

"माहा मोह त वर जाऊन बसला वं बाई," ती आईला म्हणाली.

बाबा कामावर होते. आईनं भिंतीला खाट उभी करून दिली आणि बाई सरसर वर चढली. वर पाल्याचा हा थर! मोह पडायच्या आधी खालचा पाला पेटवून जागा साफ करतात, म्हणजे फुलं नीट वेचता येतात. तिनं जन्मभर तेच केलं होतं, तेच तिनं इथंही केलं. सिलापावरचा पाला पेटवून दिला!

धूर निघाला तसा सगळा गाव धावला. "पूल जळला! पूल जळला!" पोरं नाचत होती, कोणी घागरी आणत होतं. नेमके तेवढ्यात बाबा सायकलवरून आले. असा आवाज चढला त्यांचा! "सिलाप तडकला असता म्हंजे? आता हे झाडच तोडून टाकतो!" बाई खाटेवरून उतरली, टोपली उचलली आणि टोल्याकडे निघून गेली. मी जाळीतून बघत होते. मला बाबांचा असा राग आला होता की काय सांगू.

झाड काही त्यांनी तोडलं नाही, त्यांच्या हातून ते होणारच नव्हतं. पण चैत्र लागला, मोह पडू लागला, आणि बाई येईना. पहाटे सिलापावर टपटप ऐकू यायचं. खालचा मोह गाई खाऊन जायच्या, वरचा उन्हात आंबायचा. घरभर तो गोड, जड वास भरून राहिला. आम्ही पोरी वेचू म्हणालो तर आई कडाडली, "हात लावाचा नाई. तिचा आहे तो."

एका सकाळी बाबा जेवायला बसले होते. आईनं भाकर वाढली आणि म्हणाली, "झाडाले जागा देल्ली तुमी. तिले काऊन नाई देल्ली?"

बाबांनी घास तसाच ठेवला. हात धुतला, सायकल काढली आणि गेले. मला वाटलं, रागानं गेले. दुपारी आले ते कामावरची लांब शिडी बैलबंडीत घालून. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते स्वतः टोल्यावर गेले, मीही मागोमाग गेले. बाई अंगण झाडत होती.

"मोह सडून राह्यला, बाई. चला."

"अन् तुमचा सिलाप जळन त?"

"जळन त जळन," बाबा म्हणाले.

ती आली. तिच्याआधी बाबा खराटा घेऊन वर चढले आणि सगळा सिलाप झाडून काढला. साहेबी टोपी घालणारा आमचा ओव्हरसियर बाप! मग ते खाली उतरले आणि ती चढली. शिडी लांब, पायाखाली लचकत होती, बाबांनी ती खालून धरली. वेचता वेचता मध्येच तिनं वरून हाक मारली, "भाऊ, शिडी धरून राह्यले ना?"

बाबांच्या डोक्यावर, खांद्यावर मोह पडत होता. कामावर जायची वेळ केव्हाच टळून गेली होती.

"धरून राह्यलो, बाई. तुमी वेचा."