ओल्या तुकड्यातला लव्हाळा

तालुक्याच्या कृषी केंद्रवाल्याने मला फसवलं. हे मी त्याच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर ओरडून सांगितलं आहे आणि आजही शब्द मागे घेत नाही. फक्त कसं फसवलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पाचोऱ्याजवळ मी दोन एकर जमीन घेतली, कापसाच्या दलालीत आयुष्य घासून. तिथे केळी लावायची होती. रोपं सांगून ठेवलेली, महिन्या-दीड महिन्यात गाडी येणार. पण रानात लव्हाळ्याचं तण माजलं होतं, त्यावर तणनाशक मारायचं ठरवलं. केळी लागल्यावर हे औषध मारणं जोखमीचं, रोपंच जळायची. म्हणून त्याआधी रान साफ हवं होतं.

समोरचा थकला की मगच भाव पाडून मागायचा, हे मी दलालीत शिकलो. लव्हाळ्यालाही तेच लावलं. पंधरा दिवस पाणी तोडलं. जमीन भेगाळली, पाती पिवळी पडून मिटली. याच्यात आता जोर उरला नाही, असं बघून कृषी केंद्रातून औषधाचा डबा आणला आणि फवारणी केली. फक्त विहिरीजवळ व्हॉल्व्ह गळत होता. तिथला खाटेएवढा तुकडा ओला, लव्हाळा हिरवागार. हा काही मरत नाही, असं म्हणतच तिथेही फवारणीचा पंप फिरवला.

दहा-बारा दिवसांत सगळं रान वाळलं. मी खूश. निंदणीला येणाऱ्या अक्कांनी मात्र खुरप्याने माती उकरली, दोऱ्यात ओवल्यासारख्या गाठी वर काढल्या आणि एक नखाने फोडली. आत पांढरी, ताजी.

"भाऊ, हाई मरेल नही, झोपेल शे," त्या म्हणाल्या. "तुम्हीन नुसता केस कापी टाकात."

म्हणे मेला नाही, झोपलाय! मी त्यांच्यावर खेकसलो. मग पाणी सोडलं, आणि आठवड्यात सगळीकडे कोंब. गळक्या व्हॉल्व्हपाशी मात्र एकही नाही. तिथल्या गाठी काळ्या, मऊ पडलेल्या. डबा तोच, पंप तोच, फवारणारा मीच. मी त्या दोन जागांमध्ये वेड्यासारखा येरझाऱ्या घालत राहिलो.

रिकामा डबा घेऊन दुकान गाठलं.

"नकली माल विकतोस?"

"नकली असता तर ओल्यातला कसा मेला, शेठ?" दुकानदार म्हणाला. "ओल असली की झाडाचं काम चालू असतं. पानातलं अन्न खाली गाठीत जातं, त्याच्याबरोबर औषध उतरतं. तुम्ही त्याला तहानेने बंदच पाडलं. औषध वरच्यावर राहिलं."

"म्हणजे ज्याला मारायचं, त्याला आधी पाणी पाजायचं?"

"पाजायचंच. तासभर भाव घासत बसलात, तेव्हा हे विचारलं असतं तर?"

गिऱ्हाइकं हसली. मी डबा तिथेच आपटून निघालो. घरी आलो तरी गणित बसेना. औषध खरं होतं. मग फसवलं कोणी? मीच मला? ते मी मान्य करणार नाही.

आज केळीची रोपं लिंबाच्या सावलीत पडून आहेत, बुडाची पानं पिवळी व्हायला लागलीत, आणि रान पुन्हा हिरवं आहे. डबा घेताना मी दुकानदाराला स्पष्ट सांगितलं होतं, "पंधरा दिवस पाणी तोडून ठेवलंय." तेव्हा तो डबा कागदात गुंडाळत "बरं केलं, शेठ," म्हणाला होता. माहीत असून म्हणाला, की न ऐकताच? त्याने माझ्या बांधावर यावं, या रोपांसमोर उभं राहावं आणि याचं उत्तर द्यावं.