उगाच वाजणारा सायरन

बोईसरला कारखान्यांच्या वाटेवर आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या मैत्रिणीचं. बिघडलेले इलेक्ट्रॉनिक बोर्ड येतात, आम्ही ते दुरुस्त करून परत पाठवतो. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा युनियनची पत्रकं आणायचे आणि मी त्यांवरच वाचायला शिकले. त्यामुळे दुकान काढल्यावर आधी पत्रक छापलं: ‘फेकू नका, दुरुस्त करा.’ शिफ्टच्या बसमध्ये चढून ते कामगारांना वाटलं. त्यातला एकही शब्द आजही मी मागे घेणार नाही.

त्या दुपारी मात्र समोरच्या बोर्डाची मला भीती वाटत होती.

तो बाबांच्या कारखान्यातून आला होता. रसायनाच्या मोठ्या टाकीचं तापमान हाताबाहेर गेलं की सायरन वाजवायचा, एवढंच त्याचं काम. तक्रार अशी की तो उगाचच वाजतो. टेबलावर तो अगदी शहाण्यासारखा वागत होता. फुगलेला कपॅसिटर मी बदलला, पण खरा दोष तो नव्हता हे मला कळत होतं. न सापडलेला दोष बोर्डासोबत परत जातो. आणि त्या टाकीपाशी दुसऱ्या पाळीला बाबा असतात.

मेंटेनन्सचा माणूस बोर्ड न्यायला आला.

“नवीनच घ्या,” मी म्हणाले. मैत्रिणीने चमकून वर पाहिलं.

“घेतो की. यायला महिने लागतात. तोवर प्लांट काय तुमच्या पत्रकावर चालवू, मॅडम?”

“तोवर बंद ठेवा. माणसांनी महिनोन्महिने नशिबावर राहायचं का?”

“घाबरता कशाला? सायरनची वायर आम्ही कधीच काढून ठेवलीय. लोकांची कटकट नको.”

मी बोर्डावर वाद घालत बसले होते आणि तिकडे रोज बाबा मुक्या सायरनखाली उभे राहत होते. मी त्यांना फोन लावला.

“बाबा, सायरनची वायर काढलीय. माहीत आहे तुम्हाला?”

“अगं, मीच सांगितलं काढायला,” ते म्हणाले. “डोस्कं उठवलं होतं त्यानं.”

मी फोन ठेवला. मैत्रीण उठली, केस वाळवायचा ड्रायर घेऊन आली आणि बोर्डावर गरम वारा सोडू लागली. बोर्ड तापला तसा त्याला जोडलेल्या मीटरच्या पडद्यावरचा आकडा भरकटला. टाकीचं तापमान मोजणारा सेन्सर जोडायच्या पिनेखालचं सोल्डर चिरलं होतं. ते भिंगातून पाहिलं तरच दिसत होतं. तापलं की पिन सुटायची, बोर्डाला तापमान कळेनासं व्हायचं आणि तो सायरन वाजवायचा.

मी चीर भरली. ड्रायरखाली पुन्हा पुन्हा तापवून पाहिलं. आकडा हलला नाही.

“मी सोबत येणार,” मी त्या माणसाला सांगितलं. “वायर माझ्यासमोर जोडायची, नाहीतर बोर्ड मिळणार नाही.”

“युनियनवाल्याची पोरगी,” तो पुटपुटला, पण मला घेऊन गेला.

दुसरी पाळी सुरू झाली होती. बोर्ड बसला, वायर जोडली गेली. चाचणीसाठी मी सेन्सरची तार मुद्दाम सुटी केली. कामावरच्या कुणालाच आम्ही काही सांगितलं नव्हतं.

सायरन वाजला. छाती थरथरेल एवढा मोठा होता तो आवाज.

एकानेही मान वर केली नाही. गोण्या उचलणारे उचलत राहिले. टाकीपाशी बाबांनी कानात बोट घातलं आणि दुसऱ्या हाताने व्हॉल्व्ह फिरवत राहिले.

मी पळत जाऊन त्यांचा दंड धरला. “बाबा, बाहेर चला.”

“खोटा हाय तो. नेहमीचंच.”

“खोटा हे इथून कसं कळलं?”

त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ओढलं तसे ते दाराकडे चालू लागले, पण सावकाश, लेकीचा हट्ट पुरवावा तसे. बाकीचे सगळे जागेवरच होते.